दगडांत राहिलेलें पाऊल



माझें बिऱ्हाड चारकोपला आहे. कांदिवलीच्या पश्चिमेस जेथें मुंबई संपत आल्यासारखी वाटते आणि खाडीकांठचें तिवरांचें रान सुरू होतें, तेथें हें गांव आहे. गांव हा शब्द मी संवयीनें वापरतों. जुनें चारकोप गांव आजहि आहे. परंतु १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या साह्यानें लहान लहान भूखंडांची एक वसाहत त्याच्या शेजारीं आंखली गेली, ती वाढतां वाढतां गांवाला येऊन भिडली, आणि आतां गांव कोठें संपलें व वसाहत कोठें लागली हें जुन्या माणसालाच विचारावें लागतें. खाडी मात्र आपल्या जागीं आहे. ओहोटी लागली म्हणजे तिच्या कडेचा करडा चिखल उघडा पडतो आणि सकाळच्या कोंवळ्या उन्हांत त्यावर पहाटेची सारी ये-जा लिहिलेली दिसते. टिटवीचीं तीन बोटांचीं आंखूड पावलें, बगळ्याच्या मागच्या लांब बोटाची रेघ, खेकड्यानें तिरपें पळतांना टोंचलेलीं टिंबें, निवट्यानें पोट घासत काढलेली वळणदार वाट. नोकरींतून मोकळा झाल्यापासून सकाळीं तिकडे फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ आहे.

२०१५ सालच्या दिवाळीच्या सुट्टींत माझी नात माझ्याबरोबर येऊं लागली. ती तेव्हां नऊ वर्षांची होती आणि त्या वयाच्या पुष्कळ मुलांप्रमाणें तिला डायनोसॉरांचें वेड लागलेलें होतें. एके दिवशीं टिटवीच्या पावलाशीं ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली आणि मग तिनें विचारलें,

"आजोबा, हें पाऊल उद्यां असेल?"

"नाहीं. भरती आली कीं पुसून जाईल."

"मग डायनोसॉरचें पाऊल कां नाहीं पुसलें? तेव्हां भरती येत नव्हती?"

मीं सांगितलें, "अग, तो फार जड होता." तिनें माझ्याकडे एकदां पाहिलें, उठून आपली टांच सगळ्या अंगाचा भार देऊन चिखलांत दाबली, आणि म्हणाली, "हें राहील का?" दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती टांच पाहावयाला आम्ही दोघेंहि गेलों. ती राहिलेली नव्हती, हें सांगावयास नकोच. आपण मुलांना घाईघाईनें जीं उत्तरें देतों, त्यांची परीक्षा सहसा होत नाहीं. माझी झाली, आणि मी नापास झालों. पुढील सारा प्रवास या एका चुकीच्या उत्तरापायीं घडला.

प्रथम मीं जवळची जागा शोधली. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिली असेल. इमारतींच्या दाटींतून सुमारें दोनशें फूट सरळ वर चढलेला तो काळा कातळ आहे. माथ्यावर गांवदेवीचें देऊळ आहे आणि तेथवर पायऱ्या खोदलेल्या आहेत. कडा नीट पाहिला तर उभे स्तंभ एकमेकांना चिकटून उभे असल्यासारखे दिसतात. तप्त लाव्हा निवतांना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या, त्याची ही खूण. ही गोष्ट सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींची. भोंवतालचा दगड खाणवाल्यांनीं नेऊन नेऊन हा एवढा सुळका उरला. १९५२ सालीं त्याला राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला आणि २००७ सालीं महानगरपालिकेनें त्याची गणना वारसास्थळांत केली. पायऱ्या चढतांना नातीनें विचारलें कीं, येथें डायनोसॉर चालले असतील का. काळ तर त्यांच्या अखेरीचाच होता. परंतु उकळत्या लाव्ह्यावर कोण पाऊल ठेवणार, आणि ठेवलें तरी तें उमटणार कसें?

मुंबईची भूमि याबाबतींत अगदींच रिती आहे असेंहि नाहीं. लाव्ह्याचे लोट सारखे येत नसत. एक लोट थंड झाला कीं मध्यंतरीं मोठा काळ शांततेचा जाई. तळीं सांचत, झाडें वाढत, प्राणी वस्तीला येत, आणि मग पुढचा लोट त्या सर्वांवर पसरे. वरळीच्या टेकडींत अशा दोन लोटांच्या मधल्या गाळांत इवल्याशा बेडकांचे सांगाडे सांपडले. १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं त्यांचें वर्णन केलें. 'डायनोसॉर' हा शब्द पांच वर्षांपूर्वीं, १८४२ सालीं, घडविणारे तेच हे गृहस्थ. मुंबईच्या अशाच गाळांतून एक कांसवहि मिळालें आणि १८५२ सालीं डॉक्टर कार्टर यांनीं तें प्रसिद्ध केलें. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ पिसदुरा येथें डायनोसॉरांचीं हाडें मिळतातच, शिवाय त्यांची दगड झालेली विष्ठाहि मिळते. २००५ सालीं भारतीय व परदेशी संशोधकांनीं ती विष्ठा तपासली, तेव्हां तींत गवताचे सूक्ष्म कण निघाले, आणि गवत डायनोसॉरांच्या काळीं नव्हतेंच ही तोंवरची समजूत सोडून द्यावी लागली. ही हकीकत ऐकून माझी नात हसून हसून लोळली, पण तिचा हट्ट सुटला नाहीं. तिला बेडूक नको होता आणि शेण तर नकोच होतें. तिला पाऊल हवें होतें.

तें पाऊल राजस्थानांत, जैसलमेरच्या जवळ असल्याचें माझ्या वाचनांत आलें. २०१४ च्या जानेवारींत जुरासिक काळाच्या अभ्यासकांची नववी आंतरराष्ट्रीय परिषद जयपूरला भरली होती. तिच्या निमित्तानें भूगर्भशास्त्रज्ञांची एक तुकडी जैसलमेरकडील खडक पाहावयास गेली असतां थईयात नांवाच्या गांवाजवळील कातळधारेवर तीन बोटांचीं पावलें त्यांच्या दृष्टीस पडलीं. पोलंडचे प्येन्कोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांचा त्यावरील निबंध २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांत आपल्याकडील धीरेंद्रकुमार पांडे हेहि होते. एक पाऊल सुमारें फूटभर लांबीचें, दुसरें अवघें साडेपांच सेंटिमीटरांचें. वय सुमारें १८ ते २० कोटी वर्षें. येथें क्षणभर थांबून हा हिशोब मनांत आणावा. थईयातच्या त्या प्राण्यापासून अंधेरीच्या कातळापर्यंत जितका काळ गेला, तितका अंधेरीच्या कातळापासून आपल्यापर्यंत अजून गेलेला नाहीं.

२०१६ च्या जानेवारींत आम्ही निघालों. सौभाग्यवतींनीं प्रथम "एका खळग्यासाठीं एवढें दूर?" असें म्हटलें, मग डबा भरला आणि आयत्या वेळीं स्वतःहि आल्या. बोरिवलीला गाडींत बसलों तों थेट जैसलमेरला उतरलों. पिंवळ्या दगडाचा किल्ला, हवेल्या, उंट यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, मी तें करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं त्या शहराची प्रत्येक भिंत समुद्रांत व समुद्रकांठीं बसलेल्या गाळाची आहे. घराच्या जोत्यांत शिंपल्यांचे तुकडे दिसतात आणि त्यावर टेकून लोक गप्पा मारीत असतात.

थईयात शहरापासून सुमारें पंधरा किलोमीटरांवर जोधपूरच्या वाटेला आहे. सडकेवर जीप ठेवून आम्ही पायीं निघालों. वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळूच्या लाटा येतात. येथें तसें नाहीं. कठीण, खडकाळ, जवळजवळ सपाट माळ, त्यावर रुईचीं व केराचीं झुडपें, एखादी शमी, आणि मध्येंच उतरत्या थरांची एक बुटकी कातळधार. चढ असा कीं माझ्या गुडघ्यांनीं तक्रार केली नाहीं; सौभाग्यवती तर वहाणा घालून चालल्या, जें मी कोणाला करावयास सांगणार नाहीं, कारण वाळलेले कांटे तळव्यांतून आरपार येतात. पाणी प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावें, हें मात्र खरें. थंडीचे दिवस असूनहि दोन तासांत आमच्या बाटल्या रित्या झाल्या.

जीपवाल्यानें शेळ्या चारणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस विचारलें. त्यांना तो दगड ठाऊक होता. विलायती लोक येऊन गेले होते, त्यांनीं मापें घेतलीं होतीं. "पगलिया पाहावयाला आलांत का?" असें त्यांनीं आपल्या बोलींत विचारलें. पगलिया म्हणजे आपल्याकडील पादुका. त्या प्रांतीं रामदेवजींच्या पगलियांची पूजा घरोघर होते. एखादा दैवी पुरुष येऊन गेला याचा पुरावा म्हणून त्याची मूर्ति न ठेवतां पाऊलच ठेवावें, ही कल्पना त्यांच्याकडे आहे तशीच आपल्याकडेहि आहे, आणि त्या म्हाताऱ्यांना आमच्या येण्याचें नवल वाटलें नाहीं याचें कारण तेंच असावें. मीं सांगितलें कीं, देवाचें नव्हे, जनावराचें. ते म्हणाले, "असेल. गेलें तें गेलेंच ना?" आणि काठीनें दिशा दाखवून शेळ्यांमागें निघून गेले.

त्या दिशेला आम्ही दीड तास हिंडलों आणि आम्हांला कांहींहि दिसलें नाहीं.

हें मी मोकळेपणानें सांगतों, कारण छायाचित्रें पाहून जाणाऱ्याची अशीच फसगत होते. दुपारचे बारा वाजले होते. ऊन सरळ डोक्यावर होतें. खडकावर शेंकडों खळगे होते. प्रत्येक खळगा पावलासारखा दिसे आणि जवळ गेल्यावर नुसता खळगा असे. नातीचा चेहरा उतरला. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत, तें त्यांच्या बोलण्याहून जड गेलें. जीपवाल्यानें सुचविलें कीं, तोंवर आकल पाहून यावें आणि ऊन कललें म्हणजे परत यावें.

आकल येथें दगड झालेलीं झाडें आहेत. वाळवंटाच्या एका उघड्या तुकड्याला कुंपण घालून सुमारें २५ ओंडके राखले आहेत. हें एक राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे. सालीच्या रेघा दिसतात, गांठी दिसतात, आणि हात लावला तर थंडगार दगड लागतो. सुमारें १८ कोटी वर्षांपूर्वीं या जागीं मोठें अरण्य होतें, पाऊस होता, नद्या होत्या आणि पश्चिमेस समुद्र होता. आज जेथें मैलोगणती पाणी नाहीं, तेथें तेव्हां आमच्या चारकोपसारखी किनारपट्टी होती, हें पुस्तकांत वाचून पटत नाहीं. त्या ओंडक्यांमध्यें उभें राहिल्यावर पटतें. नातीनें एका ओंडक्याची लांबी आपल्या पावलांनीं मोजली आणि वहींत लिहून घेतली.

साडेचारच्या सुमारास आम्ही पुन्हां कातळधारेवर आलों. सकाळीं ज्या दगडावर बसून मीं संत्रें सोललें होतें, त्याच्या पलीकडच्याच फरशीवर नातीला तें दिसलें. मला दिसलें नाहीं. ती उंचीनें लहान असल्यामुळें तिचे डोळे खडकाच्या जवळ होते. तिरप्या उन्हानें खोलगट भाग सांवलीनें भरला होता, आणि दुपारीं जें पुसट होतें तें आतां शाईनें काढल्यासारखें स्पष्ट झालें होतें.

चित्र तुम्हांला दाखवितां येत नाहीं, म्हणून एक करा. आपला उजवा हात मेजावर पालथा ठेवा. अंगठा व करंगळी आंत दुमडून घ्या आणि उरलेलीं तीन बोटें पसरा. मधलें सर्वांत लांब, बाजूचीं दोन किंचित् आंखूड. आतां ही आकृति आपल्या हाताच्या जवळजवळ दुप्पट कल्पा. आम्हीं पाहिलें तें हेंच.

तें पाऊलच आहे, खळगा नव्हे, हें कशावरून? हा प्रश्न मला विचारण्याची पाळी आली नाहीं, कारण नातीनें तो स्वतःलाच विचारला आणि ती वांकून शोधूं लागली. खळगा पाणी किंवा वारा कोरतो, आणि कोरणारा दगड काढून नेतो. पाऊल कांहीं नेत नाहीं. तें गाळ दाबतें आणि बाजूला सारतें. म्हणून खऱ्या पावलाच्या कडेला सरकलेल्या गाळाची बारीक वरंब असते, आणि खालचे थर तुटलेले नसून वांकलेले असतात. बोटांच्या टोंकाला नखाची अणी असते. आणि शेजारीं दुसरें पाऊल सांपडलें तर उजव्या-डाव्याचा क्रम जुळावा लागतो. यांतील कडेची वरंब तिनें बोटानें चाचपून पाहिली. बोट फार हलकें फिरव, असें मीं सांगितलें. तें तिला सांगण्याची गरज नव्हती.

एका पावलावरून किती कळतें? ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर यांनीं १९७६ सालीं एक ढोबळ नियम दिला: पावलाच्या लांबीची चौपट केली म्हणजे जमिनीपासून कमरेपर्यंत पायाची उंची मिळते. फूटभर पावलाला चार फूट. म्हणजे त्या प्राण्याची कंबर माझ्या छातीशीं आली असती. दोन पायांवर चालणारा मांसाहारी प्राणी होता, एवढें निश्चित. तो प्राणी नेमका कोणता, तें मात्र सांगतां येत नाहीं, कारण त्याचें हाड तेथें सांपडलेलें नाहीं. शास्त्रज्ञ अशा वेळीं पावलालाच नांव देतात. प्राणी निनांवी राहतो. थईयातच्या मोठ्या पावलाला यूब्रोंटिस म्हणतात, लहानाला ग्रॅलेटर. साडेपांच सेंटिमीटरांच्या पावलाची चौपट केली तर बावीस सेंटिमीटर, म्हणजे कोंबडीएवढा जीव. नातीला हा धाकटा अधिक आवडला. परंतु तो आम्हांला कितीहि शोधून सांपडला नाहीं.

हीं दोन्ही नांवें एडवर्ड हिचकॉक या अमेरिकन पंडितानें एकोणिसाव्या शतकांत दिलीं. त्याची हकीकत सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यांत १८०२ सालीं प्लाइनी मूडी नांवाच्या शेतकऱ्याच्या मुलाला नांगरतांना पावलें उमटलेली एक फरशी मिळाली. लोकांनीं ठरविलें कीं जलप्रलयानंतर नोहानें सोडलेल्या कावळ्याचींच हीं पावलें. हिचकॉकनें १८३६ पासून अशा पावलांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तीं प्रचंड पक्ष्यांचीं आहेत असें मरेपर्यंत प्रतिपादिलें. पुढें तीं डायनोसॉरांचीं ठरलीं आणि लोकांना म्हातारा चुकला असें वाटलें. आज विद्वान् म्हणतात कीं पक्षी हे अशाच तीन बोटी, दोन पायांच्या डायनोसॉरांच्या वंशांतून आले. चारकोपच्या चिखलांतील टिटवीचें पाऊल आणि थईयातचें पाऊल यांचा घाट एकच कां, याचें उत्तर यांत आहे. हिचकॉक चुकला, पण चुकतांनाहि त्यानें डोळे मिटले नव्हते.

आतां नातीच्या मूळ प्रश्नाकडे येतों. भरती होती, मग पाऊल पुसलें कां नाहीं? थईयातचे तें पाऊल ज्या थरांत आहे तो समुद्रकांठचाच आहे. म्हणजे भरती-ओहोटीचा अडसर तेथें होताच. पहिली गोष्ट, चिखल बेताचा हवा. फार पातळ असला तर पाऊल उचलतांच कडा मिटून जातात. फार कोरडा असला तर उमटतच नाहीं. दुसरी, पाऊल पडल्यावर तो कांहीं काळ उघडा राहून सुकला पाहिजे. पुष्कळदां शेवाळाचा पातळ पापुद्रा त्यावर धरतो आणि त्याला आवळून ठेवतो. तिसरी, त्यानंतर येणारें पाणी धसमुसळें नसावें. तें खरवडणारें नसून वेगळ्या जातीची वाळू वा गाळ आणून हलकेच अंथरणारें असावें, म्हणजे दोन थर एकजीव होत नाहींत. मग वर शेंकडों फूट गाळ सांचावा, त्याच्या भारानें सर्व दगड व्हावें, जमीन उचलली जावी, आणि कोट्यवधि वर्षांनीं वारा-पावसानें वरचा थर नेमका त्याच सांध्यावर सुटून यावा. लक्षावधि पावलांतून एखादें यांतून तरून जातें. वजनाचा त्यांत वांटा थोडा. साडेपांच सेंटिमीटरांचें पाऊल टिकलें आणि त्या किनाऱ्यावरून गेलेल्या किती तरी अवजड प्राण्यांचें कांहींच राहिलें नसेल. हें सर्व मीं तिला त्या फरशीजवळ बसून सांगितलें. "म्हणजे जड होता म्हणून नव्हे," ती म्हणाली. मीं "नव्हे" म्हटलें, आणि आमचा हिशोब मिटला.

पण एक बाब राहते, आणि ती मी टाळूं शकलों असतों. पाऊल ज्या क्षणीं उघडें पडतें त्या क्षणापासून तें झिजावयास लागतें. वर थर होता तोंवर त्याला धोका नव्हता. आतां दिवसाचें ऊन, रात्रीची थंडी, वाळूचा मारा आणि आमच्यासारखे पाहुणे. कनेक्टिकट राज्यांत १९६६ सालीं सरकारी इमारतीचा पाया खणतांना हीच यूब्रोंटिस जातीचीं पावलें शेंकड्यांनीं निघालीं, तेव्हां तेथील लोकांनीं इमारत दुसरीकडे नेली आणि पावलांवर छप्पर घातलें. आम्ही गेलों त्या दिवशीं आम्हांला अडविणारें तेथें कोणी नव्हतें. कातळाच्या पायथ्याशीं सुटे चपटे दगड पडलेले होते. त्यांतील कांहींवर पाण्याच्या लाटांनीं वाळूवर काढलेल्या रेघा तशाच उमटलेल्या होत्या. नातीनें तळहाताएवढा एक उचलला, उलटसुलट पाहिला, वहींत त्याची आकृति काढली, कंपासपेटींतील पट्टीनें रेघांमधलें अंतर मोजलें आणि दगड होता तेथें ठेवला. तिला ठेव म्हणून कोणी सांगितलें नव्हतें. मी मात्र, ती पुढें गेल्यावर, तसलाच एक दगड कोटाच्या खिशांत घातला.

घरीं आल्यावर तो मीं खिडकींत ठेवला. महिन्याभरानें भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आमच्याकडे चहाला आले. मीं मोठ्या अभिमानानें दगड त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं विचारलें, "कोणत्या थरांतला?" मला सांगतां येईना. "वरची बाजू कोणती होती?" सांगतां येईना. "रेघा कोणत्या दिशेला होत्या?" लाटांच्या रेघांवरून त्या वेळचा किनारा कसा पसरला होता हें काढतां येतें, पण दगड जागेवर असेल तर. त्यांनीं दगड परत दिला आणि सौजन्यानें म्हटलें, "कागद दाबावयाला छान आहे." नात तेथेंच होती. तिनें आपली वही आणून दाखविली. तींत माप होतें, आकृति होती, आणि बाण काढून "जीप इकडे" असें लिहिलें होतें. प्राध्यापकांनीं ती वही मात्र बराच वेळ पाहिली. माझा दगड परत नेऊन ठेवावा असें पुष्कळदां मनांत आलें; परंतु कोठें ठेवणार? ती जागा माझ्या लक्षांत नाहीं.

नात आज महाविद्यालयांत आहे. तिचा विषय भूगर्भशास्त्र नसून वाणिज्य आहे, आणि डायनोसॉरांचें वेड केव्हांच ओसरलें. २०२३ सालीं जैसलमेरच्या खडकांतून लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचीं हाडें वर्णिलीं गेलीं आणि त्याला थार वाळवंटावरून थारोसॉरस असें नांव दिलें, तेव्हां ती बातमी मींच तिला वाचून दाखविली. "त्याचें पाऊल मिळालें का?" एवढेंच तिनें विचारलें.

वाळवंटापर्यंत जाणें प्रत्येकाला साधणार नाहीं. म्हणून परत आल्यावर त्याच फेब्रुवारींत आम्हीं चारकोपच्या खाडीवर जें केलें तें सांगून मी आपली रजा घेतों. ओहोटी लागून दोन तास झाल्यावर, चिखल किंचित् आवळला असतां, टिटवीचें एक चांगलें पाऊल निवडलें. त्याभोंवतीं जाड कागदाची दोन बोटें उंचीची कडी अलगद रोंवली. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यांत कालवून पिठल्याइतकें सरसरीत केलें आणि पावलावर नव्हे, कडेनें ओतलें, म्हणजे बोटांत हवा अडकत नाहीं. अर्ध्या तासानें तें टणक झालें. उचलून, धुऊन उलटें केलें, तों पाऊल खळग्याऐवजीं उंचवट्यांत आलेलें. नखांच्या अण्यासुद्धां आलेल्या. ओल असतांनाच पाठीवर खिळ्यानें दिनांक, वेळ आणि "चारकोप खाडी, टिटवी, डावें" असें कोरून ठेवलें. कडी काढून आम्ही बांधावर चढलों तेव्हां पाणी परत फिरलें होतें. कोणी श्रोते हें करावयास गेले तर मुलांना एकटें पाठवूं नये. तिवरांच्या मुळ्या मोडूं नयेत. आणि चिखलांत पाय घोट्याहून खोल जाऊं लागला कीं तेथून पुढें न जातां मागें फिरावें.